फवाऱ्याचं चाक

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाईंनी लक्ष्मीबाई नगरातून फोन केला. म्हणाल्या, "काका, तुम्ही दगडाच्या खाणीत होतात ना? एखादा मजेदार अनुभव लिहा की. आमच्याकडे सगळे ऑफिसातलेच अनुभव येतात." मी म्हटलं, बाई, मी चौथी पास. त्या म्हणाल्या, बिल्कुल चालेल, शुद्धलेखन आम्ही बघू. तर शुद्धलेखन त्यांनी बघावं. मजेदार किती होईल ते मला सांगता येत नाही.

माझी बायको कौसल्या, मी कौसा म्हणायचो, मागच्या माघात गेली. छातीत दगडाची धूळ भरून गेली. आणि ज्या क्रशरची ती धूळ, त्या क्रशरवर पाणी मारायचं काम माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं वाचायचं की पान उलटायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

फरिदाबादच्या पाठीमागं अरवलीचा डोंगर आहे. तेव्हा तिथं खाणी होत्या. आम्ही सोलापूरकडचे, बिनपाण्याच्या गावचे. एक मुकादम म्हणाला दिल्लीला दगड फोडणाऱ्याला रोजचं काम आहे, म्हणून आलो. ते खरं निघालं. पहिली दोन वर्षं मी घण मारला. मग एक दिवस पंप बंद पडला. मी तो उघडून, आतला गाळ काढून चालू केला. मॅनेजर त्यागी उभे राहून बघत होते. म्हणाले, "रै मराठे, आज तै पाणी तू देखैगा." तेव्हापासून खाण बंद होईपर्यंत मी पाणीवाला.

लोकांना वाटतं, दगडाच्या खाणीत पाण्याचं काय काम? सांगतो. खाणीत तीन पाणी असतात. एक खड्ड्याचं. डोंगर खोल खणत गेलं की खालून झरे फुटतात, ते तळाला साठतं. ते उपसलं नाही तर काम बंद. सुरुंग उडवायच्या आधी पंप आणि पाइप वर ओढून घ्यायचे, लाल झेंडी, शिट्टी, धमाका, मग परत खाली सोडायचे. हे पाणी दिसायला निळंशार, पण त्यात सुरुंगाची दारू उतरलेली असते. तिथल्या एका गुजर गुराख्याच्या दोन बकऱ्या ते पिऊन आमच्यासमोर आडव्या झाल्या होत्या. दुसरं पिण्याचं पाणी. ते बोअरिंगचं, सिमेंटच्या टाकीत भरायचं. खाणीवर राहणारे शंभरावर लोक त्याच टाकीवर. आणि तिसरं फवाऱ्याचं. क्रशर म्हणजे लोखंडी जबडा. वरून धोंडा टाकला की खालून खडी पडते, आणि पिठासारखी धूळ उडते. त्या जबड्याच्या तोंडाशी आणि खडीच्या पट्ट्यावर बारीक छिद्रांचे नळ लावलेले असतात. त्यातून पाणी उडालं की धूळ जागच्या जागी बसते.

फवाऱ्याला आधी खड्ड्याचं पाणी होतं. पण त्यातल्या गाळानं छिद्रं बुजायची. म्हणून पिण्याच्या टाकीतूनच एक पाइप काढून फवाऱ्याला जोडला होता. हे ध्यानात ठेवा. एकच टाकी, तिला दोन पाइप. एक माणसांना, एक दगडाला.

पाणी राखण्यात मी कुणाचं ऐकलं नाही. टाकीला झाकण, झाकणाला कुलूप. कुणी टाकीवर कपडे वाळत घातले तर मी फेकून द्यायचो. रोज सकाळी नळ सोडायच्या आधी सगळ्यांसमोर पहिला मग मी प्यायचो. तशी माझी रीतच होती. आधी पाणीवाल्यानं प्यायचं, मग बाकीच्यांनी. जबड्यात धोंडे टाकणारा रामधन, राजस्थानी माणूस, रोज ओरडायचा, "जिंदा है भाई, जिंदा है, भर लो!" आणि बाया हसत हंडे लावायच्या.

एकदा कुलूप लावायचं राहिलं आणि उघड्या झाकणातून टाकीत मोर पडला. कसा पडला कुणास ठाऊक, सकाळी मेलेला तरंगत होता. लोक म्हणाले, मोर पवित्र, पाण्याला काही होत नाही. मी टाकीच्या बुडाचा नळ सोडला आणि सगळी टाकी रिकामी केली. भर वैशाखात. आत उतरून ब्लीचिंग पावडरनं भिंती घासल्या. दिवसभर खाणीला पाणी नाही. बाया माझ्या सात पिढ्या काढत होत्या. त्यात सगळ्यात मोठा आवाज कौसाचा.

"मोराला सोवळं आणि लेकरांना तहान! असला कसला पाणक्या गं माझ्या नशिबी?"

"तुझ्या लेकीला मेल्या मोराचं पाणी पाजू का?"

"लेकीला दोन कोस चालून बादली आणलीया मी. तुमच्यासाठी बी आणलीया. प्या, आणि मग घासा."

भांडता भांडता पाणी आणून द्यायची. तशी होती.

आता नव्या कॉलनीतल्या लोकांचं सांगतो. ते दिवस असे होते की गुडगावकडं शेतं होती तिथं टॉवर उठत होते. पेपरात यायचं, देशाचे दरवाजे उघडले. आमच्याकडं दरवाजे उघडले म्हणजे खडीचे ट्रक दुप्पट झाले, आणि खड्ड्याचं पाणी उपसून न्यायला बिल्डरांचे टँकर रांग लावू लागले. स्लॅबवर मारायला त्यांना पाणी हवं असायचं. एका रविवारी नव्या फ्लॅटमधलं एक कुटुंब गाडी घेऊन खाण बघायला आलं. साहेबांनी निळं पाणी बघितलं आणि खाली उतरून बाटली भरली. बायकोला म्हणाले, "देखो, एकदम मिनरल वॉटर!" ते तोंडाला लावणार एवढ्यात मी बाटलीवर चापट मारली. बाटली गेली पाण्यात. साहेब लालेलाल. "तुम जानते हो मैं कौन हूँ?" रामधन वरून म्हणाला, "साब, पी लेते तो आपको भी पता नहीं रहता." बाईंना हसू आवरेना. जाताना त्यांनी माझ्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला.

हे सांगायला बरं वाटतं. एका माणसाच्या तोंडचं वाईट पाणी मी उडवलं. पण त्या वेळेला वर पट्ट्याशी माझी बायको कोरड्या धुळीत उभी होती. ते कसं झालं ते आता लिहितो.

एका उन्हाळ्यात बोअरिंगचं पाणी खाली गेलं. टाकी अर्धीच भरायची. दुपारी नळ कोरडे. मी बघत होतो, एका पाइपानं माणसं पीत होती आणि दुसऱ्यानं दगड पीत होता. आमच्या गावात हंडाभर पाण्यासाठी बाया विहिरीत उतरायच्या. माझी थोरली बहीण उतरताना पडून लंगडी झाली. असल्या गावच्या माणसाला दगडावर पाणी उडताना बघवत नाही. मला ते पाप वाटायचं, खरंच पाप. मी फवाऱ्याच्या पाइपावरचा वॉल बंद केला. आणि कुणी परत उघडू नये म्हणून वॉलवरचं लोखंडी चाक पान्यानं काढलं आणि घरी नेलं. चाकाशिवाय वॉल फिरत नाही. झोपडीत चुलीच्या वर खिळ्याला टांगलं.

कौसा म्हणाली, "हे काय देवाचं आणलं का?"

"फवाऱ्याचं चाक आहे. हात लावायचा नाही."

"मग फवारा?"

"बंद. पाणी माणसांना पुरत नाही."

कौसाचं काम पट्ट्याच्या टोकाशी. खडीत आलेली माती आणि मोठे तुकडे हातानं वेचून घमेल्यात टाकायचे. म्हणजे धूळ जिथं सगळ्यात जास्त, तिथं. नाकातोंडाला फडका बांधायची. पहिले चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत आली. भुवया, पापण्या, सगळं पांढरं.

"अवं, जरा फवारा सोडा की. म्होरचं माणूस दिसंना झालंय."

"फडका ओला करून बांध."

"केला. घटकाभरात वाळतोय."

"मग परत ओला कर. तुला माहितीये ना टाकीत किती आहे?"

"माहितीये," म्हणाली. "म्या सकाळीच बघितलं." आणि फडका ओला करून गेली.

त्यानंतर तिनं फवाऱ्याचा विषय परत कधी काढला नाही.

पाऊस झाला. टाकी भरली. मी चाक परत बसवलं का? नाही. का नाही, तर मॅनेजर त्यागी खूश झाले होते. ओली खडी चाळणीला चिकटते, कोरडी भराभर पडते. ट्रक लवकर सुटत होते. दिवाळीला त्यांनी सगळ्यांसमोर मला घोंगडी दिली. "इस मराठे नै पाणी की कदर सै," म्हणाले. माझी छाती फुगली. चौथी पास माणसाला कुणी उभं करून टाळ्या वाजवल्या, ही आयुष्यातली एकच वेळ. मग वॉल बंदच राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, पुढं कुणी मोजलीच नाहीत.

आणि हेही लिहितो. खड्ड्याचं पाणी एका हौदात निवू दिलं असतं, तोंडाला जाळी बांधली असती, तर त्यावर फवारा चालला असता. पिण्याच्या पाण्याला धक्का लागला नसता. दोन दिवसांचं काम होतं. हे आता म्हातारपणी कळलं असं नाही. तेव्हाही कळत होतं. पण त्या पाण्यासाठी टँकर उभे होते, आणि मला कुणी करायला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मोरासाठी टाकी रिकामी करणारा मी, इथं विचारलं नाही. पोटात जाणारं पाणी तेवढं मला पाणी वाटत होतं.

कौसाला खोकला लागला. आधी थंडीतला वाटला. मग चढावर हंडा घेऊन येताना मधे थांबायला लागली. थांबली की म्हणायची, "डोंगर उंच झालाय का वो?" मी म्हणायचो, म्हातारी झालीस. ती चाळिशीचीही नव्हती.

शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण नीट बघणारा. छातीचा फोटो काढून आणला होता तो उजेडाला धरून त्यानं बराच वेळ बघितला. मग विचारलं, "काम क्या करती हो?"

"क्रशर पे," कौसा म्हणाली.

"पत्थर सूखा पिसता है, या पानी चलता है?"

मी कौसाकडं बघितलं.

डॉक्टर म्हणाला, "सोचकर बताओ. फोटो में टीबी भी हो सकता है, धूल भी. सूखा पिसता है तो धूल ही मानूँगा. उसकी दवाई नहीं है. फिर ये काम कल से बंद. काम छोड़ना ही दवाई है."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. पण कौसा बोलून गेली.

"पानी चलता है साब. दिनभर चलता है. ये खुद चलाते हैं."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "आप चलाते हैं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानं कागदावर लिहिलं आणि टीबीच्या गोळ्या दिल्या.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. तिला खिडकीशी बसवलं. मग मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय त्या पोरसवदा डॉक्टरापुढं तुमची मान खाली घालू व्हय?"

"त्यानं काम सोडायला सांगितलं असतं."

"सोडून बसू कुठं? आन तुम्ही पाणी राखलं म्हणून आख्खी खाण जगली. कुणा लेकराला हगवण लागली नाय आपल्या खाणीत. ते लिहिलं का त्यानं कागदावर? मग हे तरी कशाला लिहावं?" खोकला आला. थांबला तशी म्हणाली, "गप बसा आता. मला दिल्ली बघू द्या."

बाहेर दिल्ली नव्हती. फरिदाबादचे कारखाने होते. ती बघत बसली.

गोळ्या चालू झाल्या, आणि टीबीच आहे म्हटल्यावर ती आठ दिवसांनी परत पट्ट्यावर उभी राहिली. खाण बंद होईपर्यंत, दोन वर्षं आणखी. ही दोन वर्षं माझी. आधीच्याबद्दल म्हणता येईल की धुळीनं माणूस मरतं हे मला समजत नव्हतं. या दोन वर्षांबद्दल काही म्हणता येत नाही. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं आणि मी मान हलवून आलो होतो. त्या आठवड्यात जरी चाक खिळ्यावरून काढून वॉलवर बसवलं असतं, तर ती जे खोटं बोलली ते तरी खरं झालं असतं. मी रोज चुलीपाशी जेवायला बसायचो आणि चाक डोक्यावर लटकलेलं असायचं. एकदा हात वर केलाही. कौसा भाकरी थापत होती. म्हणाली, "आता काढलं तर लोक इचारतील, इतकी वर्सं का नव्हतं." मी हात खाली घेतला. तिनं माझी अब्रू राखली आणि मी तिला राखू दिली.

रामधन कौसाच्या आधी गेला. गावी जाऊन गेला, तोही खोकूनच. मागं राहिलेलं सामान न्यायला त्याची बायको आली, तेव्हा निरोप घेताना माझ्या पाया पडली. म्हणाली, "भाईसाब, आपने हमको साफ पानी पिलाया." मला तिथं उभं राहवेना.

पुढं कोर्टाच्या हुकुमानं खाणी बंद झाल्या. लोक पांगले. आमची मुलगी लता तोवर संसाराला लागली होती. जावई सरकारी खात्यात क्लार्क, दिल्लीत आर. के. पुरमला क्वार्टर. ती म्हणाली, आई-बाबा, इकडं या. आलो. बोचकं बांधताना कौसानं ते चाकही भांड्यांत घातलं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाली, "पातेल्याखाली ठेवायला बरंय."

इथल्या मोठ्या दवाखान्यात तपासलं तेव्हा त्यांनी सांगितलं, ही टीबी नव्हतीच. फुप्फुसात दगड भरलाय. कधीपासून काम, किती वर्षं, सगळं विचारलं. पाणी चालत होतं का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर या वेळी मी खरं बोललो असतो. असं मला वाटतं. पण न विचारता सांगितलंही नाही.

शेवटचं वर्ष ऑक्सिजनची नळी नाकाला. पाणीही घोट घोट. ग्लास मी धरायचो. सवयीनं आधी एक घोट मी प्यायचो, मग तिच्या तोंडाला लावायचो. एक दिवस हसली. दम नव्हता, तरी म्हणाली, "जिंदा हाय का भाई?" रामधनची नक्कल. मी म्हटलं, जिंदा है, भर लो. तिनं दोन घोट घेतले. हे आमचं शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर चार-पाच दिवस राहिली, पण शब्द आला नाही.

नातीला मराठी येतं, पण अर्धं. आजी गेल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, आजी नेहमी फडका फडका म्हणायची. फडका म्हणजे?" मी म्हटलं, तोंडाला बांधायचं कापड. ती म्हणाली, "अच्छा, मास्क!" मी म्हटलं, नाही. साधं कापड. ओलं करून बांधायचं, घटकाभरात वाळायचं.

चाक अजून स्वयंपाकघरात आहे. लता रोज त्यावर गरम पातेलं ठेवते. ते कशाचं आहे तिला माहीत नाही. तिला वाटतं आईनं भंगारातून आणलं. अंक तिच्या घरी येतो, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, म्हणजे हेही वाचेल. वाचल्यावर त्यावर पातेलं ठेवायचं की नाही, बापाशी बोलायचं की नाही, ते तिनं ठरवावं. मी काही म्हणणार नाही. पण आई खोटं बोलली ती माझ्यासाठी बोलली, एवढं तिला कळायला पाहिजे.

त्या तरुण डॉक्टरचं नाव मला माहीत नाही. तो मराठी वाचत नसेल. तरी त्यानं मला विचारलं होतं, आणि उत्तर द्यायचं राहिलंय.

पानी नहीं चलता था, साब. चाक मेरे पास था.